दोन लालबागांमधले अंतर

लालबाग म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे लालबाग उभे राहते. गोव्यातून आणि कोकणातून पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या कित्येक पिढ्यांनी तेथल्या चाळींत दिवस काढले आणि गिरणीच्या भोंग्यावर आपले आयुष्य बांधून घेतले. परंतु लालबाग आणखी एक आहे. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक ज्या वस्तीत आहे, तिचेही नाव लालबागच. तेथेही ताप्ती मिलने गिरणगावाची कळा आणली होती. तेथेही मराठी कानावर पडते, कारण जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्याची हद्द तेथून फार दूर नाही. मुंबई ते बऱ्हाणपूर हे अंतर लोहमार्गाने सुमारे पाचशे किलोमीटर भरते. गाडीने ते एका रात्रीत तोडता येते. आज आम्हांला ज्या अंतराविषयी लिहावयाचे आहे, ते मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटूनही तुटलेले नाही. हे अंतर विज्ञानाच्या प्रयोगशाळेपासून गुरांच्या गोठ्यापर्यंतचे आहे.

मुंबईच्या लालबागला लागूनच परळ आहे आणि परळला १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. परंतु पशुवैद्यकाच्या ग्रंथांत ते एका विचित्र मार्गाने अमर झाले आहे. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने सर्रा रोगाने झिजून मरणाऱ्या घोड्यांचे आणि उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात त्याला सापासारखा वळवळणारा एक सूक्ष्म जीव दिसला. रोगाचे कारण हाच जीव, असे त्याने सांगितले, तेव्हा वरिष्ठांनी ते मानले नाही. कलकत्त्याच्या उंदरांच्या रक्तात तसेच जीव दोनच वर्षांपूर्वी सापडले होते आणि ते निरुपद्रवी ठरले होते, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. पुढे १८८५ साली ब्रह्मदेशातील खेचरांत हाच रोग स्टील यांनी तपासला आणि त्या जीवाला इव्हान्सचे नाव दिले. आज त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात आणि शास्त्रीय संकेताप्रमाणे त्या नावापुढे ‘स्टील, १८८५’ असे लिहिले जाते. सस्तन प्राण्याला रोग जडविणारा हा पहिला ज्ञात ट्रिपॅनोसोम. १८८९ साली पुण्यास शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावरच वर्षानुवर्षे काम केले. हीच संस्था पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे मूळ ठरली. सारांश, या रोगाचा शोध आपल्या भूमीवर लागला, त्याचे नामकरण करणारा मुंबईच्या लालबागेशेजारी शिकवीत होता आणि त्याचा पाठपुरावा पुण्यात झाला.

असे असता, या परजीवीचा संपूर्ण जनुकक्रम वाचला गेला तो कोठे? २०१५ साली एडिंबरो आणि सिॲटल येथील संशोधकांच्या पुढाकाराने तो प्रसिद्ध झाला; त्यासाठी वापरलेला वाण चीनमधील एका म्हशीच्या रक्तातून मिळविलेला होता. या गोष्टीचे वैषम्य वाटून घेण्याचे कारण नाही. विज्ञानाला देश नसतो आणि ते संशोधन सर्वांसाठी खुले आहे. परंतु त्या वाचनातून काय निघाले आणि त्याचा उपयोग आपल्या गोठ्यांना कसा व्हावा, याचा विचार करणे मात्र आपलेच काम आहे.

प्रथम जनुकक्रम वाचणे म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा आणि वर्तनाचा सारा आलेख चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. ही अक्षरे ज्या क्रमाने आली आहेत तो क्रम उलगडणे, हे ते वाचन. सर्राच्या परजीवीचा आफ्रिकेतील भाऊबंद, निद्रारोग व नागाना यांचे कारण असलेला ट्रिपॅनोसोमा ब्रुसी, याचा क्रम २००५ साली जाहीर झाला. सुमारे २ कोटी ६० लाख अक्षरांच्या त्या ग्रंथात नऊ हजारांच्या आसपास जनुके आढळली. दहा वर्षांनी इव्हान्सीचा ग्रंथ त्याच्याशी ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही जवळजवळ एकच निघाले. फरक थोडा, पण निर्णायक होता. आफ्रिकेतला परजीवी त्से-त्से माशीच्या पोटात वाढतो आणि त्यासाठी पेशीतील ऊर्जाकेंद्रात त्याला एक वेगळी जनुकीय शिदोरी बाळगावी लागते. इव्हान्सीने ती शिदोरी बहुतांशी टाकून दिली आहे. त्यामुळे तो त्से-त्से माशीकडे परत जाऊ शकत नाही. पण त्याचबरोबर तिच्यावर अवलंबूनही राहत नाही. गुरांचे रक्त शोषणाऱ्या कोणत्याही मोठ्या माशीच्या सोंडेवर बसून तो या जनावरावरून त्या जनावरावर जातो. आफ्रिकेबाहेर पडून आशिया आणि दक्षिण अमेरिका त्याने व्यापली, ती या एका बदलाच्या बळावर. आणि हे बंधन तोडणे एकदाच घडलेले नाही, निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या वंशांनी ते स्वतंत्रपणे केले आहे, हा त्या अभ्यासाचा दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष.

दुसरी गोष्ट त्याहून अधिक चिंतेची आहे. या परजीवीच्या अंगावर एकाच प्रथिनाचे दाट आवरण असते. जनावराचे शरीर त्या आवरणाला ओळखून प्रतिकार उभारते न उभारते तोच काही परजीवी ते आवरण बदलतात आणि लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, तो यामुळे. अशी आवरणे शिवण्याचे शेकडो नमुने या कुळातल्या जीवांच्या जनुकसंग्रहात साठविलेले आहेत, हे त्या वाचनाने सप्रमाण दाखविले. सर्रावर लस का होऊ शकली नाही, याचे उत्तर त्यात आहे. जनुकक्रम हाती आला म्हणजे लस आलीच, अशी जी भाबडी समजूत पसरविली जाते, तिला हा रोग चांगलेच उत्तर देतो. क्रम प्रसिद्ध होऊन दहा वर्षे उलटली. सर्रावर लस नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या देशात गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर मिळण्याची मारामार, तेथे जनुकांच्या गोष्टी कशाला, असे म्हणणाऱ्याच्या मनात खेड्याचा अनुभव असतो. म्हणून आम्ही या प्रश्नाचा विचार बऱ्हाणपूरच्या लालबागेत उभे राहून करू इच्छितो.

समजा, पावसाळा संपत आला आहे आणि तेथल्या एखाद्या गवळ्याच्या म्हशीचे दूध एकाएकी घटले. ताप येतो, जातो. वैरण पुढे असून जनावर खंगत चालले आहे. पायांवर सूज दिसते. कधी ते भिंतीला डोके लावून उभे राहते, कधी गोल गोल फिरते. गवळी दवाखान्यात धाव घेतो, किंवा १९६२ या क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावतो. डॉक्टर आला तर तापाचे इंजेक्शन देतो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहिला, तर तीव्र आजारात परजीवी दिसतो. पण गाई-म्हशींत हा रोग पुष्कळदा दबून राहतो आणि रक्तात परजीवी इतके विरळ असतात की सूक्ष्मदर्शकाला ते चुकवून जातात. मग कागदावर ‘ताप’ एवढेच लिहिले जाते. बेंगळुरूची पशुरोग साथशास्त्र संस्था कोणत्या जिल्ह्यात पुढे कोणता रोग संभवतो याचे अंदाज देते आणि त्यांत सर्राही असतो. पण ज्या जिल्ह्यातून ‘ताप’ एवढीच नोंद वर जाते, त्या जिल्ह्याविषयी ती संस्था तरी काय सांगणार? गवळ्याची म्हैस दगावते. ती कशाने गेली हे त्याला कळत नाही, सरकारला कळत नाही आणि शेजारच्या गोठ्यातले परजीवी घेऊन माश्या उडत राहतात.

जनुकक्रमाचा पहिला उपयोग येथे आहे. परजीवीच्या जनुकाचा एखादा विशिष्ट तुकडा ठाऊक असला, म्हणजे रक्तात तो अत्यल्प असला तरी प्रयोगशाळेत त्याची प्रत वाढवून त्याला पकडता येते. सर्रासाठी अशी चाचणी आहे आणि ती एका आवरण-जनुकावर बेतलेली आहे. परंतु आफ्रिकेत, केनियात, असे वाण सापडले आहेत की ज्यांच्यात ते जनुकच नाही. ही चाचणी त्यांना ओळखत नाही. आपल्याकडे तापी-नर्मदेच्या खोऱ्यात, विदर्भात, कोकणात कोणते वाण फिरतात, हे तेथल्या जनावरांच्या रक्तावरूनच ठरणार. चीनमधील म्हशीचा परजीवी आपल्याला दिशा दाखवील. आपल्या गोठ्याचा दाखला देणार नाही.

दुसरा उपयोग औषधांचा. सर्रावरील औषधे मोजकी आहेत आणि बहुतेक अनेक दशकांपूर्वीची आहेत. ती अंदाजाने, कमी मात्रेत, अर्धवट दिली गेली, म्हणजे परजीवी त्यांना सरावतो. या बाबतीत गोचिडांपासून होणाऱ्या थायलेरिया रोगाचा धडा घेण्यासारखा आहे. संकरित गाईंचा हा काळ. त्याच्या परजीवीचा क्रम २००५ सालीच, तुर्कस्थानातील अंकारा वाणावरून, वाचला गेला. पुढे इराण आणि ट्युनिसियात त्यावरचे प्रमुख औषध बुपार्वाक्वोन निष्फळ ठरू लागले, तेव्हा संशोधकांना परजीवीच्या नेमक्या कोणत्या जनुकात बदल झाला आहे हे शोधता आले. ज्या रोगाचे औषध महाग आणि गाय हेच घरातले भांडवल, तेथे औषध लागू पडेल की नाही हे आधी कळणे म्हणजे काय, हे ज्याने कर्ज काढून गाय घेतली आहे त्याला विचारावे. या रोगावर आपल्या देशात लसही तयार होते. पण ती द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात न्यावी लागते आणि तो थंडावा खेड्याच्या वाटेवर सहजी मिळत नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट गोठ्यापर्यंत न पोहोचण्याचे हे आणखी एक उदाहरण.

तिसरा उपयोग थेट माणसाशी निगडित आहे. सर्रा हा गुरांचा रोग, माणसाला त्याची बाधा नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जात होते. २००४ साली विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या चढत्या-उतरत्या तापाचे कारण शोधताना नागपूरच्या डॉक्टरांना त्याच्या रक्तात हाच परजीवी आढळला. जगातील अशी ही पहिली पक्की नोंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सुरामिन हे जुने औषध मिळाले आणि रुग्ण बरा झाला. त्याच्या गावातील १८०६ जणांची तपासणी केली, तेव्हा ४१० जणांच्या रक्तात परजीवीशी संपर्क आल्याची खूण मिळाली. प्रत्यक्ष परजीवी मात्र एकाच्याही रक्तात सापडला नाही. मग त्या एकालाच रोग का जडला? माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते. या रुग्णात, जनुकातील दोषामुळे, ते नव्हतेच, असे २००६ साली सिद्ध झाले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण २०१६ साली व्हिएतनाममधील एका रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिच्या रक्तात ते प्रथिन शाबूत होते आणि तरीही परजीवीने तिला गाठले होते. तेव्हा दोष माणसात की परजीवीच बदलत आहे, हा प्रश्न खुला आहे. त्याचे उत्तर परजीवीच्या जनुकक्रमांची वेळोवेळी तुलना केल्याशिवाय मिळणार नाही.

या रोगाने पशुधनाची हानी किती होते? २०१७ साली भारतीय संशोधकांनी केलेल्या एका अंदाजाप्रमाणे ती वर्षाला सुमारे साडेचार हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. ज्या देशात २०१९ च्या गणनेनुसार १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत, तेथे ही रक्कम अविश्वसनीय वाटण्याचे कारण नाही. पण रकमेपेक्षाही ती कोणाच्या खिशातून जाते हे पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे दोन म्हशी आहेत त्याची एक गेली, तर त्याची निम्मी मिळकत गेली. त्याच्या नावाने कोणी शोकप्रस्ताव मांडत नाही. २००० च्या जुलैमध्ये भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात याच परजीवीने एकामागून एक वाघ मारले, तेव्हा साऱ्या देशात खळबळ माजली. ती माजावयासच हवी होती. गवळ्याच्या म्हशीसाठी तिचा शतांश तरी माजावा, एवढेच आमचे म्हणणे.

सीमेचा प्रश्नही येथे विचारात घेतला पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची त्या वर्षीची पहिली नोंद रावेर तालुक्यातील चिनावल गावी झाली. ते गाव बऱ्हाणपूरच्या शेजारचे. लम्पी विषाणूचा रोग आहे, सर्रा परजीवीचा. परंतु चावणाऱ्या माश्या आणि बाजारातून हिंडणारी गुरे ही दोघांची वाहने बरीचशी एकच आहेत. तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, सीमेवर नाकी बसली आणि भारतीय शास्त्रज्ञांनी विषाणूचा क्रम वाचून तो आधीच्या वाणाहून भिन्न असल्याचे दाखवून दिले. म्हणजे निकड भासली की हे सर्व आपल्याला करता येते. पण जो रोग एका झटक्यात हजारो गुरे न मारता दरवर्षी थोडी थोडी मारतो, त्याची निकड कोणाला भासत नाही. लालबागची म्हैस आजारी पडली तर तिचे कागद भोपाळला जातात. तीच म्हैस रावेरात विकली गेली असती तर ते पुण्यास गेले असते. दोन राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांचे कागद एकत्र येण्यापूर्वी माश्यांनी हद्द अनेकदा ओलांडलेली असते.

गोव्याच्या वाचकाने हे दूरचे दुखणे मानू नये. आपल्याकडील दुभती जनावरे मोठ्या संख्येने परराज्यांतून विकत आणली जातात आणि जनावराबरोबर त्याच्या रक्तातले पाहुणेही येतात. सत्तरी तालुक्याने २०१५-१६ मध्ये माकडतापाचे भय अनुभवले आहे. रान, गोचीड, गुरे आणि माणूस यांची साखळी कशी असते हे तेथल्या काजूच्या बागायतदारांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही.

आमच्या मते, यापुढे चार गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, जिल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आणि तो चालविणारा माणूस असलाच पाहिजे. जनुकक्रमाचे यंत्र पुढे, काच आणि थेंब आधी. दुसरी, सीमेवरील जिल्ह्यांतून ठराविक काळाने रक्ताचे नमुने गोळा करून महू, नागपूर, मुंबई येथील पशुवैद्यक महाविद्यालयांच्या साह्याने आपल्या वाणांचे जनुकक्रम वाचावेत आणि ते सर्वांना खुले करावेत. हे यंत्र आता दुर्मीळ राहिलेले नाही. कोविडच्या काळात देशभर ती चालली. तिसरी, सर्रा आढळल्याचे पशुवैद्याने माणसांच्या डॉक्टरला आणि डॉक्टरने पशुवैद्याला कळविण्याची रीत पडावी. नागपूरला एकात्म आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला २०२२ च्या डिसेंबरात बसविण्यात आली. ज्या विदर्भात सर्राचा पहिला मानवी रुग्ण सापडला, तेथेच ती असावी हे योग्य आहे. पण कोनशिलेने ताप उतरत नाही. तिच्या कार्यक्रमात या रोगाला मानाचे स्थान मिळाले पाहिजे. आणि चौथी, जी नेहमी विसरली जाते: ज्याच्या जनावराचे रक्त नेले त्याला उत्तर परत मिळाले पाहिजे, त्याच्या भाषेत आणि जनावर जिवंत असताना. नमुने न्यावयाचे, त्यांवर प्रबंध लिहावयाचे आणि गवळ्याला काहीच कळवावयाचे नाही, ही आपल्याकडील पद्धत. असा अनुभव एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा दावणीजवळ कोणाला येऊ देत नाही आणि त्याचा दोषही त्याला देता येत नाही.

बऱ्हाणपूरच्या लालबाग परिसरात कुंडी भंडारा नावाची एक जुनी जलयोजना आहे. मोगल अमदानीत, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली ती झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून, शंभरावर कुंड्यांच्या साखळीतून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणलेले आहे. चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी ती बांधली, त्यांना ठाऊक होते की डोंगरात पाणी असणे पुरेसे नाही. मधली एक कुंडी बुजली तरी शहर तहानलेले राहते. सर्राविषयीचे ज्ञान आज जगाच्या प्रयोगशाळांत भरपूर साठले आहे. त्याचा प्रवाह अडतो तो दवाखान्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी, न पाठविलेल्या नमुन्यापाशी आणि न आलेल्या उत्तरापाशी. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तापीकाठच्या आपापल्या जिल्ह्यांत एवढ्या तीन जागा जरी मोकळ्या केल्या, तरी दोन लालबागांमधले अंतर पुष्कळ कमी होईल.